हीटसिंक उचललात की आधी ठसा बघा

पंखा कायम जोरात फिरतोय, मशीन मधूनच अडखळतंय, प्रोसेसरचं तापमान नव्वदच्या पुढे गेलंय आणि संशय थर्मल पेस्टवर, म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा (हीटसिंक) यांच्या मध्ये लावायच्या मलमावर आहे. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर हाच आहे. गेली सतरा वर्षं मी दुरुस्तीच्या टेबलावर बसते आणि दिवसाला एखादा तरी हीटसिंक उचलते. उत्तरांकडे वळण्याआधी एक विनंती. हीटसिंक उचलल्या उचलल्या पुसायला घेऊ नका. प्रोसेसरवर आणि हीटसिंकच्या तळावर पेस्टचा जो ठसा उमटलेला असतो तो उजेडात धरून बघा, त्याचा फोटो काढून ठेवा. काय बिघडलं होतं ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं, आणि एकदा पुसलंत की ते कायमचं गेलं.

प्रश्न: माझ्या डेस्कटॉपमध्ये ६ आकडा असलेली पेस्ट होती. आता १२ आकड्याची आणून लावली. निदान आठ-दहा अंश तरी उतरतील असं वाटलं होतं, उतरला जेमतेम एक. पेस्ट बनावट निघाली का?

उत्तर: बनावट असेलच असं नाही. तुमची अपेक्षा त्या आकड्यानं वाढवून ठेवली होती. तो आकडा म्हणजे उष्णतावाहकता, वॅट प्रति मीटर केल्विन या मापातली. तांब्याची वाहकता ४०० च्या आसपास आहे आणि हवेची सुमारे ०.०२६. म्हणजे तुमची जुनी ६ ची पेस्टसुद्धा तांब्यापुढे अगदीच मंद, पण हवेच्या दोनशे पटींहून सरस. पेस्टचं काम एवढंच असतं. प्रोसेसरचं झाकण (चिपवर बसवलेलं धातूचं आवरण) आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी दोन्हींवर बारीक चरे आणि खड्डे असतात. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की धातूला धातू थोड्याच ठिकाणी टेकतो, बाकी जागेत हवा राहते. ती हवा हुसकावून तिथे जाऊन बसायचं, यासाठी पेस्ट.

आता तुमच्या एका अंशाचा हिशोब. झाकण ३ बाय ३ सेंटिमीटर धरा, प्रोसेसर १०० वॅट खातोय आणि पेस्टचा थर ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा आहे. ६ ची पेस्ट असेल तर त्या थरातून जाताना तापमानात सुमारे ०.९ अंशाचा फरक पडतो. १२ ची असेल तर ०.५ पेक्षा किंचित कमी. प्रत्यक्षात उष्णता झाकणाच्या मधल्या छोट्या भागातून जास्त येते, त्यामुळे खरा फरक याहून थोडा मोठा निघतो. तरी दहा अंश यातून कसे निघणार? मुळात त्या थरात तेवढे नव्हतेच.

आणखी एक गोष्ट, जी मला आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. १२ ची पेस्ट १०० मायक्रॉन जाड बसली आणि ६ ची ५० मायक्रॉनवर बसली, तर दोघींचा निकाल सारखाच. पेस्ट म्हणजे बहुतेक वेळा सिलिकोन तेलात कालवलेली बारीक पूड: झिंक ऑक्साइड, अॅल्युमिनियम ऑक्साइड, कधी अॅल्युमिनियम नायट्राइड, कधी चांदी. आकडा वाढवायचा तर पूड जास्त भरावी लागते, मग पेस्ट घट्ट होते, आणि कूलरचा (पंखा बसवलेल्या हीटसिंकचा) दाब कमी असला तर ती पुरेशी पसरत नाही. पुडीतल्या सगळ्यात मोठ्या कणापेक्षा थर पातळ होऊ शकत नाही, हेही आहेच. म्हणून पातळ थर देणारी, सहज पसरणारी, वर्षानुवर्षं न सुकणारी मधल्या आकड्याची पेस्ट मी कधीही पसंत करीन. तुमचा एक अंश उतरला म्हणजे तुम्ही काम नीट केलंय. अजून उतरवायचं असेल तर कूलरच्या पात्यांमधली धूळ आणि डब्यातून हवा खेळते की नाही ते बघा.

प्रश्न: कोणी म्हणतं मधोमध एक ठिपका द्या, कोणी फुली मारा म्हणतं, कोणी कार्डानं पसरवा. नेमकं काय? आणि किती?

उत्तर: कितीचं उत्तर आधी देते, कारण ते मोजून देता येतं. ३ बाय ३ सेंटिमीटरवर ५० मायक्रॉनचा थर म्हणजे ४५ घन मिलिमीटर पेस्ट. त्याची गोळी वळली तर व्यास भरतो साडेचार मिलिमीटरच्या आतबाहेर. बस, एवढीच! झाकण मोठं असेल, चार सेंटिमीटरच्या जवळ जाणारं, तर मधल्या ठिपक्याभोवती चार कोपऱ्यांच्या दिशेनं चार लहान ठिपके आणखी द्या. पेस्ट वीजवाहक नसेल तर थोडी जास्त झाली म्हणून फारसं बिघडत नाही, जास्तीची कडेनं बाहेर येते आणि फक्त पुसायचा व्याप वाढतो. कमी पडली तर मात्र कोपरा कोरडा राहतो आणि तो भाग तापतो. दोन्हींतली एक चूक होणारच असेल, तर ती किंचित जास्तीची होऊ द्या.

ठिपका की फुली, यावर लोक हिरिरीनं भांडतात. झाकण असलेल्या प्रोसेसरवर मला दोन्हींत सांगण्यासारखा फरक कधी दिसलेला नाही, कारण शेवटी पसरवतो तो दाब. लॅपटॉपमध्ये मात्र बहुधा झाकण नसतं, सिलिकॉनची उघडी चिप असते. तिथे मी प्लास्टिकच्या पातीनं पेस्ट चारही कडांपर्यंत पसरवूनच घेते. उघड्या चिपचा एक कोपरा कोरडा राहिला तर नेमका तिथलाच कोअर (चिपमधला काम करणारा एक भाग) पेटतो आणि बाकीचे थंड असतात.

कार्डानं पसरवायला माझा विरोध नाही, पण मग हात थांबायला हवा. पसरवताना उठलेल्या वळ्यांमध्ये हवा अडकते. ठिपका दाबला जातो तेव्हा तो मधून कडेकडे सरकतो आणि हवेला पुढे घालून बाहेर नेतो, म्हणून नवख्यांना मी ठिपकाच सांगते.

खरी चूक त्यानंतर होते. हीटसिंक सरळ वरून खाली टेकवा. टेकवल्यावर ‘नीट पसरली का’ हे बघायला पुन्हा उचलू नका. उचललंत तर पेस्टवर शिखरं उभी राहतात, आणि पुन्हा टेकवताना त्या शिखरांमधली हवा आत कोंडली जाते. उचललंच असेल तर सगळं पुसून नव्यानं लावा, कंटाळा करू नका. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, प्रत्येकी दोन-दोन फेरे, आळीपाळीनं आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की तळ तिरका बसतो. लॅपटॉपच्या हीटसिंकवर स्क्रूंशेजारी बऱ्याचदा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. बसवताना त्याच क्रमानं जा.

चांगला ठसा कसा दिसतो ते सांगते. मध्ये पेस्ट इतकी पातळ की तिच्यातून खालच्या धातूची छटा दिसते, चारही बाजूंना सारखी, आणि कडेला बाहेर आलेल्या पेस्टची एक जाडसर कड. एका बाजूला पातळ आणि दुसरीकडे जाड दिसली, तर दोष पेस्टचा नाही, स्क्रूंचा आहे.

प्रश्न: लॅपटॉपची पेस्ट मी स्वतः बदलली. पहिले तीन-चार महिने झकास, तापमान ७८ च्या पुढे जात नव्हतं. आता पुन्हा ९५ च्या वर. धूळ साफ केली, पंखा ठीक आहे. पेस्ट सुकली का?

उत्तर: माझा अंदाज असा की सुकलेली नाही, सरकलेली आहे. उघडाल तेव्हा पुसण्याआधी बघा. चिपच्या मध्यावर सिलिकॉन आरशासारखं लख्ख उघडं पडलं असेल, त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा असतील, आणि सगळी पेस्ट कडांना ढिगानं जमली असेल. बोटाला लावून बघितलीत तर ती ओलीच लागेल. याला आमच्यात ‘पंप-आउट’ म्हणतात.

हे घडतं कसं? सिलिकॉन तापल्यावर फारच कमी प्रसरण पावतं, दर अंशाला दशलक्षात सुमारे २.६ भाग. तांबं १७ च्या आसपास. चिप १५ मिलिमीटर लांब धरा आणि तापमानात ५० अंशांचा चढउतार. त्या लांबीत तांबं जवळपास १३ मायक्रॉन वाढतं आणि सिलिकॉन फक्त दोन. म्हणजे प्रत्येक वेळी मशीन तापलं आणि निवलं की मधल्या थराखालून एक पृष्ठभाग दुसऱ्यावर अकरा मायक्रॉन पुढे-मागे सरकतो. शिवाय तळाची पट्टी किंचित वाकते आणि सरळ होते. दिवसातून वीस-तीस वेळा, महिनोन्‌महिने. पेस्ट पातळ असेल तर ती या हालचालीनं हळूहळू बाहेर ढकलली जाते. डेस्कटॉपवर चिपला तांब्याचं झाकण असतं, वरचा हीटसिंकही धातूचा, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी.

तुम्ही पहिल्या प्रश्नात जिला मी चांगली म्हटलं तीच सहज पसरणारी पेस्ट लावली असणार. डेस्कटॉपला चांगली असलेली पेस्ट उघड्या चिपला चांगली असेलच असं नाही, हे मी इथे ठासून सांगते. उघड्या चिपसाठी घट्ट पेस्ट घ्या. किंवा, जे मी स्वतः आता बहुतेक लॅपटॉपना करते, फेज-चेंज शीट वापरा. हनीवेलची पीटीएम ७९५० ही त्यातली सर्वांत चर्चेतली. खोलीच्या तापमानाला ती घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, दाबाखाली पसरून पातळ थर धरते, आणि निवली की पुन्हा घट्ट. त्यामुळे ती पेस्टसारखी सहजासहजी बाहेर सरकत नाही.

लावायची रीत: चिपच्या मापाची कापा, कापलेला तुकडा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे वरची फिल्म स्वच्छ निघते. एका बाजूची फिल्म काढून चिपवर ठेवा, बोटानं हलकेच दाबा, मग दुसरी फिल्म काढा. दुसरी फिल्म विसरू नका. पहिल्या दिवशी आकडे निराश करतात. मशीनला तीन-चारदा चांगलं तापू द्या आणि निवू द्या, मग शीट जागेवर बसते आणि तापमान उतरतं.

प्रश्न: लिक्विड मेटल लावू का? सगळे म्हणतात त्याच्यापुढे पेस्ट काहीच नाही.

उत्तर: तुमच्या पत्रात कूलरचा तळ कशाचा आहे ते लिहिलेलं नाही, म्हणून आज तरी माझं उत्तर ‘नको’.

लिक्विड मेटल म्हणजे गॅलियमचा मिश्रधातू. नुसतं गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. इंडियम आणि कथील मिसळलं की खोलीच्या तापमानालाही द्रव राहतं. वाहकता पेस्टच्या कितीतरी पट, हे खरं. पण गॅलियम अॅल्युमिनियमचा नाश करतं. ते त्याच्या कणांच्या सांध्यांमधून आत शिरतं आणि धातू ठिसूळ होतो. माझ्याकडे असा एक अॅल्युमिनियमचा हीटसिंक आला होता. वरून राखाडी डाग एवढंच दिसत होतं. डागावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते आत गेलं, आणि कडेचा तुकडा बोटांनी मोडला. तांब्यावर एवढं संकट नसतं, पण तांबं हळूहळू गॅलियम शोषतं, थर कोरडा पडतो आणि पुन्हा लावावा लागतो. निकेलचा मुलामा असलेला तळ सर्वांत सुरक्षित.

दुसरं, ते वीजवाहक आहे. चिपशेजारच्या बारीक कपॅसिटरवर एक थेंब घरंगळला तर बोर्ड संपला. सोनीनं २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ला लिक्विड मेटल वापरलं, पण ते बाहेर पडू नये म्हणून चिपभोवती वेगळं सील बसवून. घरच्या टेबलावर आपण ते सील कुठून आणणार?

आणि फायदा नेमका कुठे होतो तेही बघा. लहान उघड्या चिपमधून खूप वॅट बाहेर पडत असतील तिथे. २०१२ च्या आयव्ही ब्रिज या पिढीपासून काही वर्षं इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत चिप आणि झाकण यांच्या मध्ये पेस्ट असायची, म्हणून हौशी मंडळी झाकण उचकटून आत लिक्विड मेटल भरत आणि त्यांना खरोखर मोठा फरक दिसे. २०१८ मध्ये कोअर आय९-९९००के आला तेव्हा तिथे पुन्हा सोल्डर, म्हणजे वितळवून जोडलेला धातू, आलं. आतमध्ये सोल्डर असलेल्या प्रोसेसरच्या झाकणावर वरून लिक्विड मेटल लावून दोन-तीन अंश मिळवायचे आणि त्यासाठी बोर्ड पणाला लावायचा, हे मला पटत नाही.

प्रश्न: पेस्टची कटकट नको म्हणून प्रोसेसरवर थर्मल पॅड लावला तर?

उत्तर: नको. १ मिलिमीटरचा ६ आकड्याचा पॅड, वरच्याच मापाच्या झाकणावर, १०० वॅटला साडेअठरा अंशांचा फरक पाडतो. पेस्टला एक अंशही लागला नव्हता. पॅड असतात ते मेमरी चिपा आणि व्होल्टेज सांभाळणारे भाग यांच्यासाठी, जिथे हीटसिंक मुळातच काही अंतरावर असतो आणि ते अंतर भरायचं असतं. तिथले पॅड बदलताना जुन्याची जाडी मोजा. १ च्या जागी १.५ मिलिमीटरचा घातला तर हीटसिंक त्या पॅडवरच टेकतो, चिपपासून उचलला जातो आणि मग कुठलीही पेस्ट कामाला येत नाही.

प्रश्न: चार स्क्रू काढले तरी कूलर निघतच नाही. ओढायची भीती वाटते.

उत्तर: ती भीती बाळगा. शिकत होते तेव्हा मी असाच एक कूलर सरळ वर ओढला होता. खाली पिना असलेला प्रोसेसर सॉकेटचा (बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) खटका बंद असतानाच उपसून कूलरला चिकटून आला. दोन ओळी वाकल्या होत्या. पोकळ सुईचं टोक प्रत्येक पिनेवर चढवून मी त्या सरळ केल्या. एक पीन शेवटच्या क्षणी तुटली. तो प्रोसेसर माझा नव्हता, एका ग्राहकाचा होता, आणि त्याला ते सांगताना काय वाटलं ते अजून आठवतं.

तेव्हा असं करा. मशीन सुरू करून पंधरा मिनिटं जड काम द्या, पेस्ट मऊ पडेल. मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडवा आणि कूलर ओढण्याऐवजी घड्याळाच्या दिशेनं आणि उलट असा थोडा थोडा पिळा. बोटांना ती पकड सुटल्याचं कळतं. त्यानंतरच उचला, तेही किंचित तिरकं. पिना सॉकेटमध्ये असलेल्या प्रकारात प्रोसेसरला लोखंडी चौकट धरून ठेवते, तिथे उपसून येण्याची भीती नाही, पण पीळ हळूच द्या.

पुसायला नव्वद टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घ्या. आधी कोरड्या कापडानं जाड थर काढा, मग ओलं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं अॅसिटोन प्लास्टिक खातं. पात्यानं खरवडू नका. पुसल्यावर बोट लावू नका.

प्रश्न: पेस्ट पुसून बसलोय आणि सिरिंज रिकामी निघाली. उद्या सकाळी काम सादर करायचंय. टूथपेस्ट चालते म्हणतात?

उत्तर: सुरुवातीला चालते, कारण ती ओली असते. मग पाणी उडून जातं, मागे भेगा पडलेला खडू उरतो आणि तापमान पहिल्यापेक्षा वाईट. ते घाण काढणंही जिकिरीचं. दुसऱ्या कोणाचं मशीन एका रात्रीपुरतं मागून घ्या. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: नवी पेस्ट हातात आल्याशिवाय जुनी पुसू नका. खरेदी करताना ‘थर्मल अॅडहेसिव्ह’ असं लिहिलेली ट्यूब नाही ना तेही बघा. तो गोंद आहे, त्यानं बसवलेला हीटसिंक पुन्हा निघत नाही.

प्रश्न: दरवर्षी पेस्ट बदलावी का?

उत्तर: कॅलेंडर बघून नाही. आज, सगळं ठीक असताना, खोलीचं तापमान लिहून ठेवा, तेच एक जड काम पंधरा मिनिटं चालवा आणि प्रोसेसरचं तापमान लिहा. दोन्हींची वजाबाकी हा तुमच्या मशीनचा आकडा. सहा महिन्यांनी तोच प्रयोग करा. फरक पाच-सात अंशांनी वाढला तर आधी धूळ काढा, तरी वाढलेलाच राहिला तर पेस्ट. नुसता ९५ आकडा बघून मात्र घाबरू नका. एएमडीनं रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच काम करतील असेच बनवलेत.

प्रश्न: आयुष्यातलं पहिलं मशीन स्वतः जोडलं. सुरू केल्यावर मिनिटभरात १०० अंश आणि बंद. तीन वेळा पेस्ट बदलली, तीन वेळा तेच. तुमच्या सांगण्यावरून ठशाचा फोटो पाठवतोय.

उत्तर: फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. पेस्ट सुरेख पसरलीय, कडा सारख्या आहेत, स्क्रूही तुम्ही छान आवळलेत. पण कूलरच्या तळाची बाजू मोठी करून बघा. पेस्टखाली धातूची घासणीची रेघ कुठेच दिसत नाही, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आहे, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात पेस्टमधून लाल अक्षरांची अर्धी ओळ डोकावतेय. ती तळाच्या संरक्षणासाठी लावलेली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म आहे, आणि तिन्ही वेळा तुम्ही पेस्ट तिच्यावर लावलीत. नखानं तो कोपरा उचला, फिल्म ओढून काढा, तळ अल्कोहोलनं पुसा आणि चौथ्यांदा बसवा. प्रोसेसरला काही झालेलं नसणार, फार तापल्यावर मशीन स्वतःहून बंद होणं ही त्याचीच सुरक्षा आहे. सुरू झालं की पंधरा मिनिटांनंतरचा आकडा मला नक्की कळवा.